फोन चोरीला गेल्यावर येणारे मेसेज

(चौक, ता. खालापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न घेतले आहेत.)

आजचा विषय ऐकून काहीजणांना वाटलं असेल की फोन चोरीला कसा जाऊ नये ते मी सांगणार. ते सांगायला व्याख्यानाची गरज नाही, खिसा सांभाळा एवढंच. मला बोलायचंय त्याच्या पुढच्या भागाबद्दल. फोन गेला, आपण हळहळलो, दुसरा फोन घेतला. आणि आठ-दहा दिवसांनी मेसेज येतो, 'आपला हरवलेला फोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी येथे क्लिक करा.' खरं नुकसान अनेकदा इथून सुरू होतं. वीस हजारांचा फोन जातो तेव्हा वीस हजार जातात. या मेसेजनंतर खातं रिकामं होऊ शकतं.

आपल्या भागात फोन कुठे जातात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चौक जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर. एसटीत चढताना गर्दी, बाजाराच्या दिवशी गर्दी. नोकरीला, कॉलेजला जाणारी मुलं कर्जत किंवा पनवेलला जाऊन लोकल पकडतात. आणि लोकलमध्ये तो 'फटका' प्रकार आहेच. दारात उभं राहून कोणी फोनवर बोलत असतं, गाडी सिग्नलला हळू होते, रुळांच्या कडेला उभा असलेला हातावर काठी मारतो, फोन खाली पडतो आणि गाडी पुढे निघून जाते. या फटक्यापायी माणसं गाडीतून पडली आहेत, हातपाय गमावले आहेत. फोन गेला तर जाऊ द्या, त्याच्या मागे उडी मारू नका, हे मी कॉलेजच्या मुलांना मुद्दाम सांगतो.

आता जरा चोराच्या बाजूने विचार करू. त्याच्या हातात नक्की काय आलं? आपण म्हणतो 'फोन'. पण त्या एका वस्तूत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक हँडसेट, म्हणजे ती काच आणि ते यंत्र. दुसरं सिमकार्ड, म्हणजे तुमचा नंबर. आणि तिसरं तुमचं खातं, म्हणजे गुगलचं किंवा अ‍ॅपलचं लॉगिन, ज्याला तुमचे फोटो, संपर्क, ईमेल सगळं बांधलेलं आहे. या तिन्हींच्या चोरीचा बाजार वेगळा आणि मेसेजही वेगळे. हे डोक्यात बसलं की कुठला मेसेज कशासाठी आला ते तुमचं तुम्हाला कळायला लागेल.

हँडसेटपासून सुरू करतो, कारण फसवणूक तिथे सगळ्यात हुशारीने होते. पूर्वी चोरलेला फोन पुसून, म्हणजे रीसेट करून, सरळ विकता यायचा. २०१३ मध्ये अ‍ॅपलने आणि २०१५ मध्ये अँड्रॉइडने एक कुलूप आणलं. फोन पूर्ण पुसला तरी चालू करताना तो जुन्या मालकाच्या खात्याचा पासवर्ड किंवा जुना लॉक विचारतो. तो मिळाला नाही तर फोन म्हणजे वीट. स्क्रीन, बॅटरी, कॅमेरा असे सुटे भाग विकता येतात, पण अख्ख्या चालू फोनची किंमत येत नाही. म्हणजे चोराकडे घर आहे आणि किल्ली तुमच्याकडे आहे. ती किल्ली मागायला तो तुमच्या दारात येणार. चोर बनून येणार नाही. कंपनी बनून येईल, पोलीस बनून येईल, नाहीतर भला माणूस बनून येईल.

तुम्ही विचाराल, फोन तर त्याच्याकडे आहे, मग माझा नवा नंबर त्याला कळतो कसा? बहुतेक वेळा आपणच देतो! फोन गेला की आपण काय करतो? बायकोच्या फोनवरून लावतो, भावाच्या फोनवरून लावतो, शेजाऱ्याच्या फोनवरून लावतो. चाळीस मिस्ड कॉल. फोन लॉक असला तरी स्क्रीनवर दिसतं, 'आई', 'घर', 'संतोष दादा ऑफिस'. अनेक फोनमध्ये आपत्कालीन संपर्क लॉक न उघडता पाहता येतो, तिथे नाव आणि नंबर दोन्ही. शिवाय सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की येणारा प्रत्येक कॉल नंबरासकट दिसतो. म्हणून दोन-तीनदा लावून पाहा, कोणी सज्जन उचलेल या आशेने. माणसं उचलतात, परतही करतात, आपल्या भागात तर नक्की करतात. पण नंतर थांबा.

'हरवला' म्हणून फोन लांबून लॉक करताना स्क्रीनवर एक नंबर दाखवता येतो. तिथे बँकेला जोडलेला नंबर देऊ नका. घरात एखादा जुना, बँकेशी संबंध नसलेला नंबर असेल तो द्या. म्हणजे पुढचे सगळे खोटे मेसेज त्या नंबरवर येतील आणि तिथे चोराला मिळवण्यासारखं काही नसेल.

आता तो मेसेज. त्यात बहुतेकदा फोनचं मॉडेल बरोबर असतं, रंग बरोबर असतो. आपण म्हणतो, अरे, यांना माहीत आहे म्हणजे खरेच असणार. पण फोन त्यांच्या समोर टेबलावर पडलाय, रंग माहीत असणारच की! (हशा) लिंक दाबली की अगदी अ‍ॅपलच्या किंवा गुगलच्या पानासारखं पान उघडतं. आधी ईमेल आणि पासवर्ड. मग 'खात्री करण्यासाठी' सहा आकडी कोड. मग 'जुन्या फोनचा स्क्रीन लॉक टाका.' तीन किल्ल्या, एकामागून एक. त्यानंतर नकाशा येतो, कधी तोही येत नाही. तेवढ्या वेळात पलीकडे तुमच्या खात्यातून तो फोन काढून टाकलेला असतो. आणि तोच ईमेल बँकेला, आधारला, सगळीकडे जोडलेला असतो ते वेगळंच. हे फक्त आपल्याकडे चालतं असं नाही. स्वित्झर्लंडच्या सायबर सुरक्षा केंद्रानेही २०२५ मध्ये आपल्या नागरिकांना नेमक्या याच मेसेजबद्दल सावध केलं.

लक्षात घ्या, हा मेसेज त्याच रात्री येईल असं नाही. आठवडाभराने येतो, कधी दोन महिन्यांनी. पहिल्या दिवशी आपण सावध असतो, घरातले चार जण सल्ले देत असतात. नंतर सावधपणा ओसरतो, पण फोनमधल्या फोटोंची आशा तशीच असते. गेलेल्या वडिलांचे फोटो, लेकराचं पहिलं चालणं. त्या आशेवरच हा धंदा चालतो. म्हणून मेसेज वाचून लिंक दाबणाऱ्याला मी मूर्ख म्हणत नाही आणि घरात कोणी दाबली असेल तर तुम्हीही म्हणू नका. ओरडा बसेल या भीतीने माणूस दोन दिवस लपवतो, आणि ते दोन दिवस फार महाग पडतात.

लिंकने काम झालं नाही तर पुढे विनवणी येते, 'मी हा फोन दुकानातून विकत घेतलाय, गरीब माणूस आहे, कृपया तुमच्या खात्यातून काढून टाका.' तीही चालली नाही तर धमकी, 'तुमचे सगळे फोटो बाजारात टाकीन.' अनेकदा परदेशी नंबरवरून, इंग्रजीत. घाबरायचं नाही. फोटो उघडता आले असते तर किल्ली कशाला मागितली असती? धमकी येतेय याचा अर्थच असा की कुलूप टिकलंय. उत्तर द्यायचं नाही, स्क्रीनशॉट काढून ठेवायचा, नंबर ब्लॉक करायचा. आणि काही झालं तरी खात्यातून तो फोन काढून टाकायचा नाही. 'आता तो काय परत येणार' म्हणून यादीतून पुसणारे लोक आहेत. त्यांनी चोराला किल्ली हातात नेऊन दिली.

तिसरा अवतार पोलिसांचा. 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमचा फोन जप्त झालाय, खात्रीसाठी ओटीपी आला असेल तो सांगा', किंवा 'कुरिअरचे पाचशे रुपये पाठवा.' पोलीस फोन परत करतात हे खरं आहे. रेल्वेचे लोहमार्ग पोलीस, शहरांची आयुक्तालये, जिल्हा पोलीस शेकडो फोन मालकांना परत देतात, त्याचे कार्यक्रमही होतात. पण त्यासाठी तुम्हाला ठाण्यात बोलावतात, तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र बघतात, सही घेतात. तुमचा ओटीपी किंवा स्क्रीन लॉक त्यांना फोनवर लागत नाही. असा कॉल आला तर ठाण्याचं नाव विचारा, फोन ठेवा आणि तक्रार दिली होती त्या ठाण्यात स्वतः जा.

आता सिमकार्ड. मला स्वतःला विचाराल तर सर्वात तातडीची गोष्ट हीच आहे, हँडसेट नव्हे. फोनला कितीही भारी लॉक असू द्या, सिम बाहेर काढायला एक टाचणी पुरते. दुसऱ्या फोनमध्ये घातलं की तुमचे ओटीपी त्याच्याकडे. यूपीआयचा पिन नव्याने लावायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी लागतो. काही बँकांत आधारच्या ओटीपीवरही होतं. कार्डाचे आकडे त्याला कुठून मिळणार? आता सगळ्यांनी आपापल्या फोनचं कव्हर बघा बरं. (हशा) कितीजणांच्या कव्हरमध्ये एटीएम कार्ड आहे? आधारची लॅमिनेट केलेली छोटी प्रत? चोराला आपण पूर्ण संच देतो, वर दोनशेची नोटही ठेवतो. ते कार्ड आज घरी गेल्यावर बाहेर काढा.

तर पहिल्या तासात सिम बंद. कसं? इथे मोठा सापळा आहे. आपण गुगलवर 'सिम बंद कस्टमर केअर' शोधतो आणि समोर येणारा पहिला नंबर लावतो. असे खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. तो गोड बोलणारा माणूस म्हणतो, हे अ‍ॅप टाका, मी करून देतो. त्या अ‍ॅपमधून त्याला तुमच्या हातातल्या फोनची स्क्रीन दिसते. म्हणजे चोरी झालेला तुमचा फोन, आणि लुटला गेला तुमचा भाऊ. त्यापेक्षा त्याच कंपनीचं सिम असलेल्या कोणाच्याही फोनवरून १९८ लावा. बँकेचा नंबर डेबिट कार्डाच्या मागे आणि पासबुकावर छापलेला असतो, तो आजच घरातल्या वहीत लिहून ठेवा. फोनमध्ये लिहून उपयोग नाही, तोच तर गेलाय.

मग डुप्लिकेट सिम. यासाठी कंपनीच्या अधिकृत गॅलरीत जावं लागतं. ज्याच्या नावावर सिम आहे त्यालाच जावं लागतं, आणि आपल्याकडे घोडं इथेच अडतं. सिम मेव्हण्याच्या नावावर, मेव्हणा सुरतेला! तेव्हा तुमचा नंबर कोणाच्या नावावर आहे हे आधीच बघून ठेवा. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं.

नवं सिम चालू झालं तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत. लोक वैतागतात, गॅलरीत जाऊन भांडतात. पण हा दूरसंचार विभागाने मुद्दाम घातलेला नियम आहे. तुमच्या नावाने दुसऱ्याच कोणी डुप्लिकेट सिम काढलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नये आणि तुम्हाला हालचाल करायला एक दिवस मिळावा, यासाठी. तसंच १ जुलै २०२४ पासून, सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही. म्हणजे त्या पहिल्या दिवशी 'सिम चालू करण्यासाठी ओटीपी सांगा' असं कोणी म्हणालं तर तो खोटा, हे यातूनच कळतं.

सिम हातात असताना चोर आणखी एक करतो. तुमचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर चालू करतो आणि तुमच्या माणसांना लिहितो, 'ताई, दवाखान्यात आहे, दहा हजार पाठव, उद्या देतो.' नंबर तुमचा, ग्रुपमध्ये नाव तुमचं. ताई पाठवणारच. म्हणून फोन गेला की लगेच, घरातल्या कोणाच्या तरी फोनवरून भावकीच्या आणि कामाच्या ग्रुपवर टाकायला सांगा, 'अमक्याचा फोन चोरीला गेलाय, त्याच्या नंबरवरून काही आलं तर पैसे पाठवू नका.' लाज वाटायचं कारण नाही. नवं सिम मिळालं की त्यावर व्हॉट्सअ‍ॅप चालू करा, चोराकडचं आपोआप बंद होतं. त्याने मधल्या काळात दुहेरी पडताळणीचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागतं. तुम्ही आधीच स्वतःचा पिन लावला असेल तर थांबायची वेळ त्याच्यावर येते.

सिमलाही स्वतःचा पिन असतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात 'सिम लॉक' म्हणून असतं. तो लावला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आधी पिन मागतं. मात्र अंदाजाने आकडे टाकत बसू नका. तीन वेळा चुकलं की सिम अडकतं आणि कंपनीकडून पीयूके नावाचा कोड घ्यावा लागतो. मूळ पिन कंपनीला विचारून घ्या आणि मगच बदला.

पोलिसांकडे कुठे जायचं यावरून आपल्या भागात फार गोंधळ होतो. चौकात किंवा महामार्गावर गेला तर खालापूर ठाण्याची हद्द. लोकलमध्ये गेला तर लोहमार्ग पोलीस, त्यांचं ठाणं कर्जतला आहे, पनवेललाही आहे. पण 'ही आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवायची आता सोय राहिलेली नाही. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. तिच्या कलम १७३ मध्ये घटना कुठेही घडली तरी माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे, ज्याला आपण झिरो एफआयआर म्हणतो. आणि एक बारकावा. अनेकदा 'गहाळ' म्हणून नोंद होते, कारण ती सोपी असते. फोन खरंच कुठे पडला असेल तर ठीक. पण हातातून ओढून नेला असेल तर 'गहाळ' लिहू देऊ नका. हिसकावून नेणं हा भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ चा वेगळा गुन्हा आहे. उद्या बँकेशी वाद झाला तर कागदावर 'चोरी' हा शब्द आणि वेळ असणं उपयोगी पडतं.

तक्रारीची प्रत हातात आली की संचार साथीवर हँडसेट ब्लॉक करायचा. या यंत्रणेचं नाव सीईआयआर. तिची सुरुवात आपल्याच राज्यातून झाली, सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गोव्याच्या भागात प्रायोगिक तत्त्वावर, आणि मे २०२३ पासून ती देशभर आहे. प्रत्येक हँडसेटला १५ आकड्यांचा आयएमईआय नंबर असतो, दोन सिमच्या फोनला दोन. तो ब्लॉक झाला की देशातल्या कुठल्याच कंपनीचं सिम त्यात चालत नाही, आणि कोणी घालून पाहिलं तर त्याचा माग पोलिसांकडे जातो. वाय-फायवर मात्र फोन चालतो, तेव्हा ब्लॉक केला म्हणजे सगळं संपलं असं नाही. अर्ज करताना ओटीपी लागतो, म्हणून आधी डुप्लिकेट सिम, मग हा अर्ज, असा क्रम ठेवा. आयएमईआय खोक्यावर आणि बिलावर असतो. खोकं रद्दीत गेलं असेल तर गुगलच्या 'फाइंड हब'मध्ये, त्या फोनच्या माहितीत दिसतो. अजून फोन हातात असलेल्यांनी आत्ताच स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा आणि दिसतील ते आकडे कागदावर लिहा. लिहा, लिहा, मी थांबतो.

आयएमईआय बदलून देणारे लोक आहेत, हे मी लपवत नाही. पण २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

लांबून फोन लॉक करायचा की पुसायचा हाही प्रश्न येतो. आधी लॉक. अँड्रॉइड पुसला की त्यानंतर त्याचं ठिकाण दिसत नाही. फोनमध्ये खाजगी कागदपत्रं, कामाची गुपितं असतील आणि मिळायची आशा नसेल तेव्हा पुसा. आणि नकाशावर ठिकाण दिसलं म्हणून पोरं गोळा करून तिथे जाऊ नका. ठिकाण पोलिसांना दाखवा.

आता, खातं रिकामं झालंच तर? १९३०. हा नंबर पाठ करा. कॉल लागला की तुमची तक्रार थेट बँकांच्या यंत्रणेत जाते. पैसे ज्या खात्यात गेले तिथे, तिथून पुढे गेले असतील तर त्या पुढच्या खात्यात, जिथे सापडतील तिथे ते गोठवले जातात. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाच ठिकाणी उडवतो आणि शेवटी एटीएममधून काढतो. ती साखळी तुटायच्या आत तुमचा कॉल गेला पाहिजे, म्हणून मिनिटांना किंमत. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ हाताशी ठेवा. फोन नसेल तर बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा.

बँकेला वेगळं कळवायचं, लेखी, आणि पोच घ्यायची. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला याबद्दल परिपत्रक काढलं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही काढलं. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहाराची खबर तीन कामाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर बोजा नाही. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित बोजा. ग्राहकानेच ओटीपी किंवा पिन सांगितला असेल तर खबर देईपर्यंतचं नुकसान त्याचं. पण खबर दिल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे लिंक दाबली, ओटीपी दिला, सगळं चुकलं, तरीसुद्धा लवकर कळवण्याला अर्थ आहे. 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसू नका. पोचवर तारीखच नाही, वेळही लिहून घ्या. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, हेही त्या परिपत्रकात आहे.

आणि पैसे गेले नाहीत, नुसता खोटा मेसेज आला, तर? संचार साथीवर 'चक्षू' म्हणून सोय आहे, मार्च २०२४ पासून. तिथे तो नंबर आणि स्क्रीनशॉट टाकायचा. दोन मिनिटांचं काम आहे, करा.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : खरा मेसेज आणि खोटा मेसेज, बघून ओळखता येतो का?

थोडाफार. बँकेचे, सरकारचे मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाहीत, अक्षरी नावाने येतात. २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं : सरकारी असेल तर जी, व्यवहाराचा टी, सेवेचा एस, जाहिरातीचा पी. पण हे फक्त साध्या एसएमएसला. व्हॉट्सअ‍ॅपवर असं काही नाही, तिथे पोलिसांच्या चिन्हाचा फोटो कोणीही लावतो. म्हणून मी मेसेज कोणाचा यापेक्षा तो काय मागतो ते बघायला सांगतो. पासवर्ड, ओटीपी, स्क्रीन लॉक, पैसे किंवा अ‍ॅपची फाइल उघडायला सांगत असेल, तर कोणाच्याही नावाने येवो.

प्रश्न : आमच्या वाडीत चार घरांत मिळून एकच फोन आहे. सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात. तो गेला तर?

फार महत्त्वाचं विचारलंत. ठाकूरवाड्या-कातकरीवाड्यांवर हे सर्रास आहे. लाडकी बहीणची ई-केवायसी, रेशन, बँक, सगळं एका नंबरला. तो फोन गेला तर चार घरांना त्याच दिवशी कळलं पाहिजे, ही पहिली गोष्ट. ज्याच्या नावावर सिम आहे त्याने ते बंद करायचं, आणि प्रत्येक खातेदाराने स्वतः बँकेत जाऊन सांगायचं. पुढे 'तुमचा हप्ता अडकलाय, ओटीपी द्या' असा फोन चारही घरांना येऊ शकतो. आणि शक्य असेल तेव्हा प्रत्येकीच्या खात्याला तिचा स्वतःचा नंबर लावा. साधा बटणाचा फोन चालतो, ओटीपी त्यावरही येतो.

प्रश्न : माझं सिम वडिलांच्या नावावर आहे आणि ते वारले. फोन गेला तर डुप्लिकेट मिळेल?

त्यांच्या नावाने नाही मिळणार. मृत्यूचा दाखला आणि तुमचे कागद देऊन नंबर नावावर करून घ्यायची पद्धत आहे, ती फोन हातात आहे तोवर पूर्ण करा. नंतर धावपळ होते. आत्ताच गेला असेल तर सिम बंद करा आणि बँकेत स्वतः जाऊन नोंदवलेला नंबर बदला.

प्रश्न : जुना फोन विकत घेताना तो चोरीचा नाही हे कसं कळणार?

केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून आयएमईआय, असा मेसेज १४४२२ ला पाठवा. फोन काळ्या यादीत असेल तर कळतं. आणि विक्रेत्याकडून बिल घ्या, त्याच्यासमोर फोन पूर्ण रीसेट करून चालू करून बघा. जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला तर पैसे देऊ नका.

प्रश्न : माझा फोन दीड वर्षापूर्वी पनवेलला गेला. तेव्हा तक्रार दिली होती, ब्लॉक केला नाही. आता काही करता येईल का?

येईल. तक्रारीची प्रत आहे ना? आणि खोकं? मग उद्याच संचार साथीवर अर्ज टाका, दीड वर्ष झालं म्हणून अडत नाही. अर्जाचा क्रमांक जपून ठेवा, फोन मिळाला तर अनब्लॉक करायला तोच लागतो. आणि गुगलच्या यादीत तो फोन अजून दिसतोय का बघा. दिसत असेल तर राहू द्या.